लाळ्याचं तोंड

ठोक्याला कुणी विचारलं, "काय रे, सुट्टीच्या दिवशी बागेत कशाला जाऊन बसतोस?" तर तो सांगायचा, "दादाची लाळ गळताना बघायला." ऐकणाऱ्याला वाटायचं, म्हातारा चळला. चळला वगैरे काही नव्हता. चांगला शुद्धीवर होता, आणि मजेत होता.

बाग शहराच्या ऐन मधोमध. चारही बाजूंनी दुकानं, कचेऱ्या, गाड्यांचा कलकलाट, आणि मध्ये जमिनीतून आपसूक वर येणारा झरा. झरा आधीचा, शहर मागाहूनचं. पहिली घरं त्याच्याच पाण्यावर उठली. मग कुणीतरी भोवती दगडी कट्टा बांधला, झाडं लावली, आणि पाणी बाहेर पडतं तिथे एका म्हाताऱ्याचं दगडी तोंड बसवलं. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी हात फिरवून त्या म्हाताऱ्याचं नाक घालवलं, डोळे घालवले, आणि शेवटी त्याला उभा तडा गेला. नवं तोंड घडवायचं काम निघालं आणि ते ठोक्याला मिळालं.

ठोक्या जातिवंत पाथरवट. बाप पाथरवट, थोरला भाऊही पाथरवट. बापाचा दगडकामाचा कारखाना होता, तो थोरला चालवायचा. दोघा भावांचं एक मिनिट पटत नसे, म्हणून ठोक्या लांब एका खाणीवर कामाला गेला होता. तो तिकडे असताना बाप अंथरुणाला खिळला, झिजला, गेला. ठोक्याला कळलं ते दगड भरायला आलेल्या एका ट्रकवाल्याकडून. धावत घरी आला तेव्हा सगळं आटोपलेलं होतं आणि बापाची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती.

"फार घाई झाली रे," दादा म्हणाला होता. "निरोप राहून गेला."

राहून गेला! अहो, छत्री दुकानात राहून जाते, आमटीत मीठ राहून जातं. बाप मरतोय हे सांगायचं राहून जातं होय? ठोक्याने त्याच दिवशी दादाचं नाव टाकलं. खाण सोडून तो शहरात राहिला, स्वतःचं काम करू लागला, पण त्या घराची पायरी पुन्हा चढला नाही. ते दोन शब्द मात्र त्याच्या डोक्यात दगडावर कोरल्यासारखे बसले.

आणि मग हे काम हाती आलं. म्हाताऱ्याचं तोंड कसंही कर, काम देणारे म्हणाले, जुनं कसं दिसायचं याचा काही पत्ता लागत नाही. ठोक्याला नमुना लागतच नव्हता. डोळे मिटले की दादा समोर उभा. दातओठ खात त्याने छिन्नी चालवली. दादाचं बसकं नाक घेतलं, भुवईतली खाच घेतली, कानाच्या जाड पाळ्या घेतल्या. म्हातारपणी हा कसा दिसेल म्हणून गाल ओघळवले, डोळ्यांखाली पिशव्या दिल्या. सगळ्यात जास्त जीव ओतला तो खालच्या ओठात. तो डावीकडे असा लोंबता केला की पाण्याची धड धार पडू नये, हनुवटीवरून ओघळत राहावं. "लाळ गाळ आता जन्मभर," म्हणाला, आणि शेवटचा टवका उडवला.

पोरांनी पहिल्याच दिवशी नाव पाडलं, लाळ्या. ठोक्याला कोण आनंद झाला! दर सुट्टीला तो समोरच्या बाकावर बसायचा, पोरं लाळ्याचं नाक ओढायची, आणि हा पोट धरून हसायचा.

एकच गोष्ट अडली होती. दादाने ते पाहिलं नव्हतं. काम आपल्याला मिळालं नाही म्हणून तो रुसला होता. मरेन पण त्या बागेत पाय ठेवणार नाही, म्हणायचा. ज्याचं नाक कापलं त्यालाच पत्ता नाही, असल्या सुडात काय राम? ठोक्या वाट बघत राहिला. दोघांचेही केस पिकले. शेवटी बाजारात पुतणी भेटली आणि सहज बोलून गेली, "काका, बाबांना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, पण ते ऐकतील तर शपथ."

"बागेत आण की," ठोक्या मधाळ आवाजात म्हणाला. "सपाट रस्ता आहे. माझं नाव काढू नकोस म्हणजे झालं."

आला. पोरीच्या हट्टापुढे नमून, तिच्या हाताला धरून, काठी टेकत दादा झऱ्यापाशी आला. ठोक्या बाकावरून उठला. वाक्य कधीचं घोटून ठेवलं होतं: ओळखलंस का, दादा? हा तू.

दादाने मान वर केली. बघत राहिला. काठी हातातून निसटली.

"बाबा," तो म्हणाला.

"कोण?" ठोक्या पुढे येत म्हणाला.

"बाबाच रे," दादा कट्ट्यावर टेकत म्हणाला. "शेवटी शेवटी ओठ असाच लोंबायचा, डावीकडे. पाणी पाजलं की असंच हनुवटीवरून ओघळायचं. तू तर नव्हतास. तुला कसं कळलं?"

ठोक्याने पहिल्यांदा नीट पाहिलं. भुवईतली खाच दादाची खरी, पण दादाला ती आली कुठून? नाक कुणाचं? पाळ्या कुणाच्या? म्हातारा दादा घडवायला गेला आणि बाप घडवून बसला होता. आणि इतकी वर्षं दर सुट्टीला येऊन, आजारी बापाची लाळ गळताना बघून, तो हसत होता.

"प्रत्येक घोटाला विचारायचे, धाकटा आला का," दादा म्हणाला. "मी सांगायचो, निघालाय. निरोप राहून नव्हता गेला रे. मी पाठवलाच नाही. तू आलास की कारखाना तुला देतील, असं वाटलं मला."

पुतणीने तोंडावर हात घेतला. दादाने ओंजळ भरली आणि त्या दगडी ओठांना लावली. "बाबा, आला बरं का धाकटा."

आता पुढे होऊन दादाला मिठी मारावी, असं कुणालाही वाटेल. ठोक्याला नाही वाटलं. इतका राग त्याला खाटेसमोर उभं राहूनही आला नव्हता. त्याने काठी उचलून दादाच्या हातात दिली.

"रोज यायचं," तो म्हणाला. "रोज पाणी पाजायचं, आणि हेच सांगायचं त्यांना, सगळं, पहिल्यापासून. मी इथे बसून ऐकणार आहे."

"येईन," दादा म्हणाला.

"आणि एक दिवस जरी राहून गेलं म्हणालास ना, दादा, तर याद राख."