दसऱ्याला मी सीडीची पूजा केली

चहा ओतून घ्या आधी, पण कप जरा दूर धरा. हसताना सांडला तर सतरंजी माझी आहे! आणि हसा बिनधास्त. यातला गाढवपणा दुसऱ्या कुणाचा नाही, माझाच आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही प्रताप नगरला राहत होतो. भिंतीला भिंत लागून शांताबाई आणि त्यांची लेक वैशाली. माझं शिक्षण म्हणाल तर सातवी. पण शेजारी काय शिजतंय, कोण आलंय, कोण रुसलंय या विषयात माझा पहिला नंबर! त्यांच्या कुकरची एक शिटी कमी झाली तरी मी विचारायला हजर. याला कोणी चोंबडेपणा म्हणतात. मी माया म्हणते.

वैशाली कॉम्प्युटर शिकलेली. तिच्या अमेरिकेतल्या मामानं तिला कॉम्प्युटरसोबत एक ड्राइव्ह पाठवला, सीडी वाचणारा. आणि सीडी एकच. पुरीएवढी चकती, पण म्हणे तिच्यात साऱ्या जगातलं शेतकीचं संशोधन भरलेलं!

ही चकती आधी प्लास्टिकच्या चपट्या डबीत ठेवायची आणि डबी ड्राइव्हच्या तोंडात सरकवायची. डबीचं झाकण पारदर्शक, त्यातून चकतीवरची छापील अक्षरं दिसायची. चकचकीत बाजू खाली, झाकलेली. एवढं लक्षात ठेवा. माझी अब्रू तिथंच गेली.

मामानं पत्रातून सूचनाही पाठवल्या होत्या. वैशालीनं त्या मराठीत लिहून भिंतीला चिकटवल्या. ड्राइव्ह सपाट जागी ठेवावा. चालू असताना हलवू नये. चकती पुसायची तर मधून काठाकडे सरळ पुसावी, गोल पुसू नये. आणि पहिलीच सूचना, लाल शाईत : चकचकीत बाजूला बोट लावू नये.

मी त्या साऱ्या पाठ केल्या होत्या. पोरीच्या नोकरीचा प्रश्न होता ना! कॉलेजच्या लायब्ररीत असं यंत्र घ्यायचं चाललं होतं. ते चालवायला माणूस हवा होता. तिथले प्राचार्य आमच्याच भागातले. ते शांताबाईंना म्हणाले होते, "दसऱ्याले सोनं द्यायले येतो, तेव्हा पोरीचं यंत्र पाहतो. चाललं तर जागा तिचीच."

आता सांगा, एवढ्या मोठ्या दिवशी त्या ड्राइव्हची पूजा नको? दसऱ्याला मी शिलाई मशीन पुजलं, यांची सायकल पुजली, मिक्सरला झेंडू वाहिला. आणि ज्याच्यावर पोरीचं आयुष्य अवलंबून, ते यंत्र बिनाकुंकवाचं?

दुपारी शांताबाई आपट्याची पानं आणायला गेल्या, वैशाली न्हाणीघरात. मी करंडा घेऊन आत. ड्राइव्हला फूल वाहिलं. मग वाटलं, खरी विद्या तर चकतीत! डबी उघडली. एका बाजूला इंग्रजी छापलेलं, दुसरी बाजू आरशासारखी. छापील बाजूला कुंकू लावलं तर अक्षरं बुजतील, नाही का? म्हणून मी शहाणीनं चकती उलटी केली आणि चकचकीत बाजूला स्वस्तिक काढलं.

बोट लावलं? छे! सूचना पाठ होती. फुलवात ओल्या कुंकवात बुडवली आणि तिनं काढलं. चार ठिपक्यांसहित! वाळू दिलं, चकती होती तशी पुन्हा उलटवून ठेवली, डबी बंद केली आणि घरी येऊन पुरणाला लागले.

संध्याकाळी प्राचार्य आले. सोनं दिलं-घेतलं. खुर्चीत टेकत म्हणाले, "पारशिवनीच्या माझ्या बागेत संत्र्याले डिंक्या लागून राहिला. झाडाच्या बुंध्यातून डिंक गळते. पाहू, तुमची चकती काय सांगते."

वैशालीनं डबी सरकवली. हिरवा दिवा लुकलुकला. आतून घर्र घर्र आवाज. पडद्यावर काहीच नाही. बाहेर काढली, पुन्हा घातली. घर्र घर्र.

"काय झालं वं?" शांताबाईंनी विचारलं.

"वाचूनच नाही राहिला, आई! सकाळी तर बरोबर चालला."

पोरीचा चेहरा उतरला. एकेक सूचना तपासली. ड्राइव्ह सपाट होता. कोणी हलवला नव्हता. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. मी उठले.

"दृष्ट लागली! इतके लोक पाहून गेले, लागणार नाही तर काय? शांताबाई, मिरच्या काढा!"

"कमलताई, साहेब बसले आहेत ना."

"असू द्या! त्यांची पण उतरवते."

भिवापूरच्या मिरच्या हो त्या! सात मिरच्या, मीठ, मोहरी. ड्राइव्हवरून ओवाळून शेगडीत टाकल्या मात्र, खोलीत लाल धूर! प्राचार्य खोकायला लागले. वैशाली शिंकत होती. शांताबाई पदरात तोंड खुपसून बाहेर पळाल्या. मी स्वतः डोळे पुसत दार शोधत होते.

ठसका ओसरल्यावर शांताबाई दारातूनच ओरडल्या, "एवढा ठसका आला म्हणजे दृष्ट नव्हतीच! दृष्ट असली तर मिरचीचा वासबी नाही येत!"

"बरं झालं," प्राचार्य पाण्याचा पेला ठेवत म्हणाले. "दृष्ट नाही हे तर पक्कं झालं. आता चकती काढून पाहा, बाई."

वैशालीनं डबी उघडली. चकती उलटी केली. आणि थिजलीच.

सगळे वाकून पाहत होते. माझी छाती तर अभिमानानं फुलली. म्हटलं, "ते मीच काढलं! किती रेखीव आलं ना?"

वैशालीनं चकती माझ्यापुढे धरली.

"काकू," वैशाली अगदी हळू म्हणाली, "ड्राइव्ह याच बाजूनं वाचते."

"मग छापलेल्या बाजूनं काय करते?"

"काहीच नाही! ते नाव आपल्याले वाचायले आहे!"

"पण मी बोट नाही लावलं वं! फुलवातीनं काढलं!"

प्राचार्यांनी रुमाल तोंडाला लावला. धुरानं की हसू दाबायला, देव जाणे.

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. त्या पोरीची नोकरी मी चार ठिपक्यांखाली गाडली होती. पदर ओला करून चकतीवर झडप घातली, ताटासारखी गोल घासणार, तोच तिघंही एका सुरात ओरडले, "सरळ!"

यांचं जुनं मऊ धोतर आणलं. वैशालीनं ते ओलं करून मधून काठाकडे, मधून काठाकडे, हलक्या हातानं चकती पुसली. कोरडी केली. डबी सरकवली. हिरवा दिवा लुकलुकला. मी डोळे मिटून घेतले.

"आलं!" वैशाली ओरडली.

पडद्यावर इंग्रजी अक्षरांची रांगच रांग! तिनं शोधलं आणि मराठीत सांगितलं : बुंध्याला पाणी लागू द्यायचं नाही, झाडाभोवती दुहेरी आळं करायचं, डिंक खरवडून मलम लावायचं. प्राचार्य पोस्टकार्डाच्या पाठीवर लिहून घेत होते. उठताना म्हणाले, "यंत्र तर चाललंच. पण बिघाड झाल्यावर ही पोरगी न चिडता एकेक गोष्ट तपासत गेली, ते जास्त आवडलं. सोमवारी या, बाई."

पोरीनं आधी आईला मिठी मारली आणि मग, खोटं नाही सांगत, मलाही.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम तिची लायब्ररी पाहायला गेले. वैशाली जागेवर नव्हती. भिंतीवर त्याच सूचना, आता छापलेल्या. खाली एक नवी : चकतीला हळदकुंकू लावू नये.

तिथल्या कारकून बाईंना विचारलं, "असं कोण लावते हो?"

"मॅडमच्या शेजारची कोणी बाई होती म्हणतात," त्या हसत म्हणाल्या.

"काय एकेक शेजारी असतात बापा!" मी म्हटलं, आणि हातातला करंडा हळूच पिशवीत सरकवला.