चाळीसच्या पुढचा आवाज

काल लेक गाडी घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, साठच्या पुढं गेलं की खालून आवाज येतोय." वाकून पाहिलं, तर तापलेल्या ग्रीसचा वास नाकात शिरला आणि मला घाटनांदूरचं रशीदचाचांचं गॅरेज आठवलं.

तेव्हा आमची जुनी पिकअप अशीच वाजायची, नेमकी चाळीसला. मी आठ दिवस काटा पस्तीसवर ठेवला. आवाज थांबला, मी निर्धास्त झालो. बायकोला नववा महिना होता. तिला अंबाजोगाईला तपासायला नेताना मात्र आवाज पंचविसालाच सुरू झाला.

रशीदचाचांना कमी ऐकू यायचं. त्यांनी मागची चाकं उचलून गाडी गिअरमध्ये टाकायला लावली, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला टेकवलं आणि कंप दातांतून कळावा म्हणून मूठ दातांत धरली. मग इंजिन बंद करवून त्यांनी मागची चाकं फिरवणारा शाफ्ट हातानं हलवला. खट्ट वाजलं.

"शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस गेलाय. कवापासून वाजतंय?"

"आठ दिवस झाले. पण पस्तीसवर वाजत नव्हतं."

"लई हुशार! आवाज बंद केला तुमी, खराबी न्हाई. घाटात शाफ्ट तुटला असता, मग?"

लिंबाखाली बसलेली बायको दोन्ही हात पोटावर ठेवून माझ्याकडे बघत होती. ती दमलीय, असं मला तेव्हा वाटलं. ती घाबरली होती, हे आज कळतं.

तेव्हा तिच्या पोटात असलेल्या लेकीनं काल विचारलं, "मग पन्नासनं चालवू का?"

मी तिच्या हातातली किल्ली काढून घेतली.