पहिली नोंद

"शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५. दूध दोन पाकिटं, एक दशम्यांसाठी. क्षमाची गाडी संध्याकाळी. अशोकची बायपास सोमवारी, मिरजेला."

एवढं लिहून कुमुदिनीबाईंनी डायरी मिटली. बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये लागलेली ही सवय. रेल्वेतल्या नवऱ्यामागे त्या चेन्नईत वेस्ट मांबलमला आल्या, पुढे तो वारला, पण डायरीचा दिवस कधी गाळला नाही. क्षमा ही त्यांच्या भावाची, अशोकची मुलगी. आत्याकडे राहून ती सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करायची. भरलेली बॅग दाराशी होती आणि क्षमा सकाळपासून लॅपटॉपपुढे.

एका दवाखान्याच्या जुन्या सिस्टीममधले तक्ते नव्या सिस्टीममध्ये उतरवायचे होते. रकाने, नियम सगळं जसंच्या तसं. माहिती मात्र एका ओळीचीही उतरवायची नव्हती. तक्ते उतरले, पण त्यांत पहिली नोंदच जाईना. ती गेल्याशिवाय रजा नाही, असं तिच्या साहेबांनी, वेंकटनी, बजावलं होतं.

"डॉक्टर भरायला गेलं की आधी विभाग मागतंय," क्षमा म्हणाली. "आणि विभाग भरायला गेलं की त्याचा प्रमुख डॉक्टर."

"मग जुन्यात पहिला डॉक्टर शिरला कुठून? खिडकीतून?"

क्षमा हसली नाही.

"आमच्या सासरी थोरल्या जावेला विचारल्याशिवाय पिठाच्या डब्याला हात लावायचा नाही, असा नियम होता," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "ती स्वतः आली तेव्हा कुणाला विचारत होती? तेव्हा नियमच नव्हता."

क्षमाने जुन्या सिस्टीमचा इतिहास उघडला. प्रमुखाचा नियम सिस्टीम सुरू झाल्यावर तीन वर्षांनी घातलेला होता. तिने नव्या तक्त्यातला तो नियम काढला, विभाग भरला, डॉक्टर भरला, त्याला विभागाचा प्रमुख केलं, नियम परत लावला. नोंद गेली. तिने वेंकटना फोन लावला.

"सूपर, मा," स्पीकरवर आवाज आला; तमिळमध्ये मुलींनाही आपुलकीने ‘मा’ म्हणतात. "आणखी चार दवाखाने आहेत, तिथेही हेच होणार. सोमवारी सगळे सुरू करायचेत. तू मंगळवारी जा."

"सर, ऑपरेशन सोमवारी आहे."

"तिथे डॉक्टर आहेत ना, मा? इथे हे जमणारी तू एकटीच."

फोन ठेवला गेला. कुमुदिनीबाईंनी बॅग तिच्याकडे सरकवली. "जा तू. काय करेल तो? नोकरीवरून काढेल."

"बाबांच्या ऑपरेशनचा विमा याच नोकरीचा आहे, आत्या."

बॅग दोघींच्या मध्ये राहिली. गाडीची वेळ झाली, टळली. दिवाबत्तीनंतर कुमुदिनीबाईंनी सकाळच्या ओळीखाली लिहिलं:

"प्रवासाच्या दशम्या दोघींनी घरीच खाल्ल्या. चार उरल्या."