अडुसष्ट किलो

"काका, ओढणीचं बारदान वजा करा," म्हणतच ती माझ्या काट्यावर चढायची. बारदान म्हणजे रिकामं पोतं. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मालाच्या वजनातून ते कापतात. मी बदनापूरच्या मोंढ्यात पस्तीस वर्षं मापाडी. चौथीपर्यंतच शिकलो, पण आकडा कधी चुकला नाही.

ती आमच्या गल्लीतली शिलाईवाली. वय चोवीस, अंगानं भरलेली. दर सोमवारी लिलावाच्या आधी यायची. "पोत्यासारखं तोला. पोरीसारखं नका तोलू."

लग्न जमत आल्तं. मुलाच्या आईची एकच अट, साखरपुड्याआधी वजन साठ. गोळ्यांची बाटलीही तिनंच पाठवली, कोण्या डॉक्टरची चिठ्ठी नाही. पोरीनं आठ दिवस खाल्ल्या. वजन बराबर दोन किलो उतरलं. पण हात थरथरायला लागले न् मशीनची सुई बोटात गेली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाटली पाहून झापलं. "मला न इचारता काही खायचं न्हाई. चाल, जेवण सांभाळ. लागल्याच तर गोळ्या मी देईन."

मंग रोज सकाळी गावाबाहेरच्या शेती संशोधन केंद्राच्या रस्त्यानं चालणं सुरू झालं. काटा मात्र हलायला तयार नाही. महिन्याला एखादा किलो.

मी म्हणालो, "बाटलीनं जल्दी उतरत होतं."

"काका, तवा मला जिना चढवत न्हवता. आता पळते. ते दिसतं का तुमच्या काट्यात?"

मला गप्प करणारी माणसं तुम्हाला गावात फार सापडणार नाहीत.

मुलाची आई येणार, त्याच्या आदल्या दिवशी पोरीची आई माझ्या दारात. "भावजी, त्या इचारतील तुम्हाला. साठ सांगा. पोरीच्या जल्माचा सवाल हाय."

"वहिनी, मी छटाकभर खोटं बोललो न्हाई कधी."

दुसऱ्या दिवशी मुलाकडच्या बाई थेट मोंढ्यात आल्या. माझ्याआधी पोरगीच काट्यावर चढली. "मोठ्यानं सांगा, काका."

मी माल पुकारतात तसं पुकारलं, "अडुसष्ट!"

बाई म्हणाल्या, "गोळ्या खाल्ल्या असत्या तर साठ झाली असती."

पोरगी उतरली, काट्याकडं हात केला. "आता तुम्ही चढा, मावशी."

हमाल पोती टाकून हसले. बाई चढल्या नाहीत. लग्न मोडलं.

लोक म्हणतात, म्हाताऱ्यानं आठ किलोपायी सोयरीक घालवली. म्हणू द्या. उद्या विचारलं तरी अडुसष्टच सांगेन.

ती आता जालन्याला, मस्तगडात खोली घेऊन शिवते. तिची आई माझ्याशी बोलत नाही. सकाळी मात्र पोरीसारखीच चालायला निघते, माझ्या दारावरून जाते, पदर कमरेला खोचून, एकटीच, झपाझप. माझ्याकडं बघत नाही. मीही हाक मारत नाही.