ताईच्या टेबलावरचे दोन प्रोसेसर

माझ्या बहिणीला दोन जावई आहेत आणि दोघेही प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्यांत आहेत. दुर्दैव असं, की कंपन्या वेगवेगळ्या. थोरल्याचं ऑफिस हडपसरला, धाकटा राहतो वाघोलीला, आणि रविवारी दोघेही कर्वेनगरला ताईकडे जेवायला हजर. पूर्वीचे जावई मानपानावरून रुसायचे, हे नॅनोमीटरवरून रुसतात. एकाची चिप म्हणे वीज कमी खाते, दुसऱ्याची म्हणे जास्त पळते. ताईची अळूची भाजी मात्र दोघेही एकमताने संपवतात.

ताई अक्षरजुळणी करायची. भावोजी गेल्यापासून तिचा जीव त्यातच होता. एका छोट्या दिवाळी अंकाचं काम दरवर्षी तिच्याकडे यायचं. गॅलरीतल्या टेबलावर तिचा जुना कॉम्प्युटर, त्यात त्याहून जुनं मराठी सॉफ्टवेअर, आणि ते चालावं म्हणून मागे कायम खोचलेलं बोटाएवढं इलेक्ट्रॉनिक कुलूप, म्हणजे डोंगल. ते काढलं की सॉफ्टवेअर सुरूच होत नसे.

श्रावणात थोरल्याने आपल्या कंपनीच्या नव्याकोऱ्या प्रोसेसरचा लॅपटॉप तिला आणून दिला. धाकट्याला ते कसं सहन व्हावं? पुढच्याच रविवारी तो आपल्या कंपनीचा प्रोसेसर असलेला अख्खा डेस्कटॉप घेऊन आला. टेबलावर जागा नव्हती आणि खाली सोसायटीत ई-कचऱ्याची गाडी उभी होती. ताई आत पुरण वाटत होती. या पर्यावरणप्रेमी गृहस्थाने तिचा कॉम्प्युटर कुलपासकट गाडीत टाकला आणि वर प्रशस्तिपत्रक घेऊन आला. फाइली आधीच पेन ड्राइव्हवर घेतल्यात, हे तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

फाइली होत्या, त्या उघडणारं काही नव्हतं. सॉफ्टवेअर बनवणारे केव्हाच गाशा गुंडाळून गेले होते आणि नवे प्रोसेसर त्या जुन्या सॉफ्टवेअरला दारातही उभं करत नव्हते. अर्धा अंक जुळवून झाला होता. संपादकांनी थोडे दिवस वाट पाहिली. मला जावयांचा संताप आला, अजूनही येतो. साऱ्या जगाला वेग देणाऱ्या या विद्वानांनी घरातल्या बाईला एकदाही विचारलं नाही, की तुम्ही या यंत्रावर नेमकं करता काय.

काम दुसरीकडे दिल्याचा संपादकांचा फोन आला, तोही रविवारीच. ताईने फोन ठेवला आणि ताक वाढायला घेतलं. पानावर वाद चालूच होता. थोरल्याच्या मते धाकट्याची चिप नुसती तापते, धाकट्याच्या मते थोरल्याची नुसती जाहिरात. शेवटी धाकट्याने ताईलाच पंच केलं.

"आई, खरं सांगा, दोन्हींत वेगवान कुठला?"

"दोन्ही वेगवान आहेत हो," ताई त्याच्या वाटीत ताक ओतत म्हणाली. "माझं इतक्या वर्षांचं काम एका रविवारात संपवलंत."