उलट्या हाताची हॉकी

आमच्या घरात तीन पिढ्या गोल अडवण्यात गेल्या. माझे वडील गोलकीपर, मी गोलकीपर, मुलगाही गोलकीपर. मी चौथीत शाळा सोडली, तरी कांजूरमार्गच्या कारखान्यात लागलो तो हॉकीवर. साहेबाने माझे कागद बघितलेच नाहीत. पॅड बांधून मला गोलात उभं केलं आणि कारखान्याच्या टीमच्या पोरांकडून चेंडू मारून घेतले. एकही आत गेला नाही. दुसऱ्या दिवसापासून कामावर.

नात चालायला लागली तशी तिच्या हातात स्टिक दिली. पोरीने धरली ती उलटी. उजवा हात वर, डावा खाली. हॉकीत हे चालत नाही. डावखुऱ्यांची स्टिकच नसते, सगळ्यांनी एकाच बाजूने खेळायचं. तिचे हात सरळ करायला मुलाने जिवाचं रान केलं. "हात बदल! अगं, हात बदल ना!" अर्ध्या मुलुंडला ऐकू जायचं. शेवटी शाळेच्या टीममधून तिला काढलं. मुलाने स्टिक माळ्यावर टाकली आणि म्हणाला, "बाबा, आपल्या घरातली हॉकी संपली."

ते मला फार लागलं. मी म्हटलं, मी बसलोय ना अजून!

मग एकदा ती मैत्रिणीच्या वाढदिवसाला एका मॉलमध्ये गेली. तिथे बर्फाचा एवढासा चौकोन आहे. त्याच्यावर पोरं हॉकी खेळत होती. चेंडूऐवजी रबराची चकती, पायात पात्यांचे बूट. घरी आली ती ओरडतच, "आजोबा, तिथे माझ्या हाताची स्टिक मिळते! निम्मी पोरं माझ्यासारखीच धरतात!"

मुलगा मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाला, "ती काय हॉकी आहे? मॉलमधली मजा ती."

मी नातीला विचारलं, "गोल आहे?"

"आहे."

"अडवायला माणूस?"

"आहे ना."

"मग हॉकीच. उद्या खाली पार्किंगमध्ये ये. मी उभा राहतो."

बायको आतून म्हणाली, "अहो, आधी नीट खाली बसून उठून दाखवा!"

मी बसून दाखवलं. उठायला तिचा हात लागला, ते सोडा.

पार्किंगमध्ये मीटर रूमचं शटर हा आमचा गोल. ती चाकांच्या बुटांवर, मी जुने पॅड बांधून. सोसायटीचे सेक्रेटरी रोज वरून ओरडायचे, "काका, गाडीला लागलं तर?" मी सांगायचो, "माझ्याकडून सुटलं तर लागेल ना!" आणि सुटायचं नाही. नात चिडून लाल व्हायची, पण मी मुद्दाम एक गोल कधी सोडला नाही. सोडलेल्या गोलाची चव कसली?

अशी वर्षं गेली. ती मॉलमधल्या बर्फावर तयार झाली, बाहेर जाऊन खेळून आली. मग देशाच्या टीमची निवड लेहला ठरली. मुलाने स्पष्ट सांगितलं, "तिकडच्या मुली गोठलेल्या तळ्यांवर वाढल्यात. तू मॉलमध्ये. घेतलं नाही तर हे सगळं बंद, गुपचूप नोकरी बघायची." ती कबूल झाली. कबूल कसली, तोंड एवढंसं झालं होतं.

जायच्या आदल्या संध्याकाळी मी तिला जवळ बोलावलं. आयुष्यभर ज्याच्यावर माझं पोट चाललं, ते समोरच्याला कधी कळू दिलं नव्हतं. ते तिला सांगितलं. "गोलकीपरच्या डोळ्यांकडे बघू नकोस, तो फसवतो. पाय बघ. ज्या पायावर त्याने भार टाकलाय तो पाय पटकन हलत नाही. त्याच बाजूला मार."

"म्हणजे तू रोज मला डोळ्यांनी फसवत होतास, आजोबा!"

"मग? मार."

मारलं. शटर असं वाजलं की सगळी बिल्डिंग गॅलरीत. सेक्रेटरी म्हणाले, "काका, वाट लागली शटरची!" मी म्हटलं, "लागू दे."

लेहहून फोन आला तेव्हा मुलगा माझ्या बाजूलाच बसला होता. नात धापा टाकत होती. "पळण्यात त्या मुलींनी मला मागे टाकलं रे. पण दोन मारले, आजोबा! दोन्ही भार टाकलेल्या पायाच्या बाजूला. घेतलं मला!"

मुलगा उठला आणि माळ्यावरची ती जुनी स्टिक काढून फडक्याने पुसत बसला.

आता एका थंड देशातल्या क्लबने तिला पगारावर ठेवलंय. आम्हाला हॉकीने कारखान्यात चिकटवलं, हिला खेळायचाच पगार मिळतो. मागच्या सुट्टीत ती आली तेव्हा मुलाने माझे पॅड मागून घेतले. "बाबा, आज मी उभा राहतो." सेक्रेटरींनी न सांगता आपली गाडी बाजूला घेतली. बाप शटरसमोर वाकून उभा राहिला आणि मी खुर्चीतून बघितलं, गड्याचा सगळा भार उजव्या पायावर. तिनेही बघितलं.

शटर वाजलं.

"काय रे," मी ओरडलो, "ही हॉकी आहे का नाही?"

चकती शोधायला गाड्यांखाली वाकलेला मुलगा तिथूनच म्हणाला, "आहे, आहे! परत मार गं!"