बिदाईला एकटं क्लारनेट

आमच्या बँडपार्टीच्या पाटीवर 'सुप्रसिद्ध' असा शब्द होता. तो पेंटरने जागा उरली म्हणून स्वतःच्या मनाने रंगवला होता. महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं होतं आणि पाट्या सगळीकडेच रंगत होत्या. आमचे लाल कोट आणि खांद्यांवरच्या सोनेरी झालरी पाहिल्या की एकूणएक लढाया हरलेल्या देशाचे सेनापती वरातीला आलेत, असं वाटे. तुळशीचं लग्न झालं की आम्ही बाहेर पडायचो. मोताळा, नांदुरा, शेगाव, कधी बैलगाडीने, कधी एसटीच्या टपावर ढोल बांधून.

आमचे बँडमास्तर तीस वर्षं सगळ्यांच्या पुढे क्लारनेट वाजवत चालत. मी त्यांच्यामागे, दुसऱ्या क्लारनेटवर. त्या वर्षी मोसमाआधी त्यांचे वरचे दात हलायला लागले. एका दात काढणाऱ्याने सांगितलं, सगळेच काढू, कवळी बसवू, आधीपेक्षा चांगलं वाजवाल. मास्तरांनी विश्वास ठेवला. क्लारनेट वरच्या दातांखाली घट्ट धरावं लागतं. कवळी फुंकीसरशी हलायची आणि सुराऐवजी नुसती हवा निघायची.

मग पुढे मास्तरांनी बोटं हलवायची आणि मागून मी वाजवायचं, असं ठरलं. वरातीत ते खपून गेलं. अडचण बिदाईची होती. नवरी निघाली की सगळा बँड थांबवायचा आणि एकट्या मास्तरांनी वाजवायचं, हा आमच्या पार्टीचा रिवाज. त्या मोसमात आम्ही काही ना काही निमित्त काढून तो टाळत आलो. धामणगाव बढ्याला टळला नाही. नवरीचा बाप मांडवातच मास्तरांचा हात धरून बसला.

"मास्तर, माह्या लग्नात तुम्हीच वाजवलं होतं. आज माह्या पोरीले वाजवा. एकलेच."

तो पाठ फिरवून गेल्यावर आमचा ढोलवाला कुजबुजला, "पोट दुखते म्हणा ना मास्तर."

"आन् पुढच्या लग्नात काय दुखवू बे?"

दुपारी गाडी जुंपली. बापाने हात वर करून बँड थांबवला. मी हळूच क्लारनेट तोंडाला लावायला गेलो, तर मास्तरांनी मानेनेच नको म्हटलं. त्यांनी कवळी काढून कोटाच्या खिशात टाकली आणि उघड्या हिरड्यांनी फुंकलं. दोन सूर आले, तेही फाटके. पुढे नुसती हवा. बोटं मात्र पूर्ण चालीभर फिरत राहिली, एकही जागा न चुकता. मी खाली मान घालून आरडाओरडा व्हायची वाट पाहत होतो. बायकांनी नेहमीसारखा हंबरडा फोडला. गाडी वळणाआड गेली.

बाप डोळे पुसत आला. त्याने मास्तरांच्या गळ्यात हार घातला. "तसंच वाजवलं मास्तर. माह्या लग्नात वाजवलं होतं, अगदी तसंच."

एसटीत ढोलवाला खुशीत होता. "वाचलो ना हो!" मास्तर खिडकीबाहेर पाहत होते. त्यांनी मला विचारलं, "तीस वर्सं असंच ऐकून राह्यले असतीन काय हे लोक?"

मी म्हणालो, "रडारडीत पुढच्यांचं लक्ष नसेल. मागच्यांना ऐकू गेलं असेल."

"काय ऐकू गेलं असीन?"

पुढच्या मोसमाला त्यांनी स्वतःचं क्लारनेट माझ्याकडे पाठवून दिलं. कवळी चांगली बसत नाही, एवढाच निरोप. जेवायला तेवढी चालते म्हणे. बिदाईची चाल मग मी वाजवू लागलो. आधी मनापासून वाजवली. मग एकदा मधलं कडवं गाळून पाहिलं, एकदा मुद्दाम बेसूर झालो. दोन्ही वेळा हार मिळाला.

मास्तरांना हे मी कधी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.